परदेशी म्हाताऱ्यांची राखण

आईला लकवा झाला तेव्हा मी नागपुरात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम कुठे अडखळतो ते शोधायचं आणि लिहिणाऱ्याला न दुखावता सांगायचं, एवढंच ते काम. भाऊ पुण्यात, त्याची लेकरं शाळेत. माझं लग्न झालेलं नव्हतं आणि चाळिशी आलेली. कोणी परत यायचं हे घरात कुणी ठरवलं नाही, ठरवावंही लागलं नाही. दोन सुटकेसी आणि एक कुंडी घेऊन मी पांढुर्ण्याला, आईच्या घरी आले. कुंडीतलं झाड पहिल्याच उन्हाळ्यात गेलं.

आईची सगळी नोकरी मराठी शाळेत गेली. लकव्यानं तिची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एक शब्द तेवढा उरला, "बस". उत्तर देऊन झालेल्या पोराला वर्गात म्हणायची, तसंच. पाणी पाहिजे असलं तरी बस, पंखा कमी कर म्हणायचं असलं तरी बस, भावाचा फोन आला की रडत रडत बस, बस. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द राहून जातो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "राह्याचंच होतं तं देवाचं नाव तरी राह्यतं बाई!"

घरी बसून करता येईल असं काम शोधता शोधता मला एस्टोनियातली एक लहानशी कंपनी सापडली. हा देश मला नकाशात शोधावा लागला. वर, बाल्टिक समुद्राच्या काठाला. मुलाखत घेणारा माणूस साठीचा होता, पांढरी दाढी, मागे लाकडी भिंत. कंपनीचा मूळ प्रोग्राम त्यानंच लिहिलेला होता.

"तुमच्याकडे वीज जाते?" त्यानं पहिलाच प्रश्न विचारला.

"जाते."

"किती वेळ?"

"तिची मर्जी."

तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं, नेट गेलं. मग म्हणाला, "मग काय करता?"

"इन्व्हर्टर आहे. तो संपला की बाजारात एका ओळखीच्या दुकानात जाऊन बसते. त्यांच्याकडे जनरेटर आहे."

"बरं," तो म्हणाला. नोकरी लागली. पुढे कधीतरी मी विचारलं, मलाच का घेतलं? तो म्हणाला, "दुसरं कुणी मिळत नव्हतं." त्याच्या बोलण्यात साखर नसायची. सुरुवातीला ते टोचायचं, नंतर त्यातच बरं वाटायला लागलं. गोड बोलणाऱ्यांना उत्तर द्यायला जी ताकद लागते, ती माझ्याकडे उरली नव्हती.

काम होतं म्हाताऱ्या माणसांचं. त्यांच्या देशात बेटांवर, जंगलातल्या वाड्यांवर एकेकटी म्हातारी माणसं राहतात. पोरं राजधानीत, नाहीतर देशाबाहेर. कंपनीनं त्यांच्यासाठी गळ्यात घालायचं एक बटण बनवलं होतं. पडलं, छातीत दुखलं, की दाबायचं. दाबलं नाही तरी ते बटण हालचाल ओळखायचं, शिवाय चहाच्या किटलीला एक प्लग लावलेला असायचा. माणूस हिंडतोय-फिरतोय, किटली तापतेय, असं असलं की माझ्या स्क्रीनवर त्याचा ठिपका हिरवा. बराच वेळ काहीच नाही, की राखाडी. ठिपका राखाडी झाला की मशीन बिघडलंय का नेटवर्क गेलंय ते मी तपासायचं, आणि दोन्ही ठीक असेल तर तिकडच्या मदतकेंद्राला सांगायचं. तिकडून कुणीतरी त्या म्हाताऱ्याला फोन करायचं. मला कुणाची नावं दिसायची नाहीत, फक्त नंबर आणि गाव.

काकूंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे तू इथं पांढुर्ण्यात बसून तिकडच्या बुढ्यायची राखण करून राहिली? आन तुही माय?"

"तिचीही करते."

"मंग तं तुले दोन दोन वावरं राखा लागतात," काकू म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या. खरंच हिशेब करून सांगत होत्या.

आमचं जेवण होईपर्यंत तिकडची सकाळ उजाडायची. आईला भरवून, कूस बदलून मी पलीकडच्या खोलीत स्क्रीनसमोर बसायची. आईच्या डाव्या हाताशी देवघरातली घंटी ठेवलेली. ती वाजवली की मी उठायची. कधी उशी सरकलेली, कधी माशी, कधी काहीच नाही, नुसतं बघायचं असायचं मी आहे का ते. संध्याकाळपर्यंत पाय जड व्हायचे. मी फार काही करत नव्हते, बसत होते आणि उठत होते. पण बसण्या-उठण्यानंही माणूस झिजतं.

मुलाखत घेणारा तो दाढीवालाच माझा वरिष्ठ. त्याच्याशी माझं रोज बोलणं व्हायचं. कामाचं बोलून झालं की तो फोन ठेवायचा नाही, आणि बोलायचाही नाही. मीही आपली ठिपके बघत बसायची. मग मधेच एखादं वाक्य यायचं. त्याच्या देशाची गोष्ट मला अशी तुकड्या-तुकड्यानं कळली. त्यांचा देश सोव्हिएत राजवटीतून मोकळा झाला तेव्हा पैसा नव्हता आणि माणसंही नव्हती. दहा कारकून ठेवायची ऐपत नाही म्हणून एक प्रोग्राम लिहायचा, असं करत करत सरकारचं जवळजवळ सगळं काम संगणकावर गेलं. ते प्रोग्राम लिहिणारी पोरं शिकली, त्यांनी कंपन्या काढल्या, जगात नाव झालं.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकं. आमच्याकडे माणसंच थोडी. कंपनी काढली की पहिल्या दिवसापासून परदेशात गिऱ्हाईक शोधावं लागतं. नाही सापडलं तर कंपनी मरते. सापडलं तर कुणीतरी मोठा येऊन ती विकत घेतो."

"दोन्हीतलं चांगलं कोणतं?"

"माहीत नाही. मी दोन्ही पाहिलंय."

आणखी एकदा म्हणाला, "आमच्याकडे प्रत्येक गोष्टीसाठी एकच माणूस असतो. तो आजारी पडला की ती गोष्टच बंद." त्याला ते देशाबद्दल सांगायचं होतं. मी मात्र आईच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. नदीच्या एका काठाला आम्ही, दुसऱ्या काठाला सावरगाववाले. त्या दिवशी फोनवर त्याला ढोल आणि आरडाओरडा ऐकू गेला. त्यानं विचारलं, काय चाललंय? मी सांगितलं, दोन गावं एकमेकांना दगड मारतात.

"का?"

"परंपरा आहे. पुष्कळ लोक जखमी होतात. बंद करायचा प्रयत्न झाला, होत नाही."

तो म्हणाला, "आम्हाला हे जमणार नाही. तेवढी माणसंच नाहीत." आणि मला त्या वर्षातलं पहिलं हसू आलं असेल.

एका बेटावर एक आजी होती. तिचा ठिपका रोज दुपारनंतर राखाडी व्हायचा. पहिल्यांदा झाला तेव्हा मी धावपळ केली. मदतकेंद्रातली मुलगी म्हणाली, त्या बटण काढून खुंटीला टांगतात आणि सौनात बसतात. तापलेल्या दगडांवर पाणी टाकून त्या वाफेत बसायची त्यांची रीत. बाहेर आल्या की बटण परत गळ्यात, ठिपका परत हिरवा. पुढे मला त्याची सवय झाली. तिचा ठिपका राखाडी झाला की मी आईला चहा करायला उठायची. तिचा तो वेळ म्हणजे माझीही सुट्टी.

थंडीच्या दिवसांत एकदा मी कामाला बसले तर तिचा ठिपका आधीच राखाडी. मदतकेंद्रातली मुलगी म्हणाली, "त्यांची सवय माहीत आहे ना तुम्हाला. थोड्या वेळानं बघू." तिचंही चुकत नव्हतं, तिच्यापुढे असे बरेच ठिपके होते. मी किटली बघितली. आदल्या संध्याकाळपासून किटली तापलेली नव्हती. तिकडच्या थंडीत सकाळचा चहा न घेता कोण सौनात जाईल? मी वरिष्ठाला फोन लावला.

"किटली?" त्यानं विचारलं.

"कालपासून बंद."

त्यानं फोन ठेवला. तेवढ्यात इकडे घंटी वाजायला लागली. थांबून थांबून नाही, सलग. मी हेडफोन कानात तसाच ठेवून गेले. आईचं अंथरूण ओलं झालं होतं. मी तिला एका कुशीवर घेतलं, चादर ओढली, तिचं अंग पुसलं. आणि सगळा वेळ माझे कान दुसरीकडे. आईला ते कळत होतं. मास्तरणीला वर्गातलं कोणतं पोर खिडकीबाहेर बघतंय ते न बघता कळतं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आई, तिकडं एक आजी सापडत नाही आहे," मी म्हटलं. ती भिंतीकडेच बघत राहिली.

धुतलेली चादर वाळत घालत होते तेव्हा फोन आला. त्यानं बेटावरच्या शेजाऱ्याला पाठवलं होतं. "सापडली," तो म्हणाला. "लाकडं ठेवायच्या खोपीत पडली होती. खुब्याचं हाड मोडलंय. लाकडं झाकायची ताडपत्री तिनं अंगावर ओढून घेतली होती. जिवंत आहे."

मी आईजवळ जाऊन सांगितलं, "सापडली. आहे ती."

आईनं माझ्याकडे तोंड वळवलं. "बस," ती म्हणाली. तिला काय म्हणायचं होतं कोण जाणे. मी खरंच बसले, तिच्या खाटेला टेकून, खाली फरशीवर. पलीकडे कोणकोणते ठिपके राखाडी होत असतील याचा विचारसुद्धा त्या वेळी नको वाटला.

ऐन मे महिन्यात त्या आजीकडून, कंपनीमार्फत, एक पार्सल आलं. दवाखान्यात पडल्या पडल्या तिनं विणलेले लोकरीचे पायमोजे, लाल-पांढऱ्या नक्षीचे. बाहेर असं ऊन की छतावरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देत होतं. काकूंनी मोजे उलटेपालटे करून पाहिले. "काम तं मोठं सफाईचं हाये. पन तिले कोनी सांगतलं नाही का इथलं?" आईनं मात्र हट्टानं ते पायात घालून घेतले. उजवा पाय तिला कळत नव्हता, तरी दोन्ही पायांत. कूलरसमोर लोकरीचे मोजे घालून पडलेली आई बघितली की येणारं-जाणारं हसायचं आणि तीही हसायची.

पुढच्या वर्षी संत्री तोडणीला आली होती तेव्हा वरिष्ठाचा निरोप आला, मी दिल्लीहून दक्षिणेला चाललोय, ऊन खायला. तुमचं स्टेशन वाटेत आहे असं दिसतं. एक दिवस उतरू का? मी लिहिलं, इथे बघण्यासारखं काही नाही. त्यानं उत्तर दिलं, चालेल.

त्याला घ्यायला मी स्टेशनवर गेले. स्क्रीनवर वाटायचा त्यापेक्षा खूप उंच निघाला. पाठीवर पिशवी, उन्हानं लाल झालेलं नाक. ऑटोत तो काही बोलला नाही, मीही नाही. इतकी वर्षं आम्ही तसेच बोलत आलो होतो. घरी आला, वाकून दारातून आत शिरला. आई खाटेवर उशीला टेकून बसलेली. त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून तिनं सांगितलं, "बस."

त्याला मराठी कळत नव्हतं. पण तो बसला. खाटेजवळच्या खुर्चीवर, हात गुडघ्यांवर ठेवून. आणि मग दुपारभर तिथेच बसून राहिला. दोघंही खिडकीतून काकूंच्या अंगणातला शेवगा बघत होती. माझ्या घरात त्याआधी आलेला प्रत्येक पाहुणा आईला बोलतं करायला बघायचा. "ओळखलं का मले? सांगा पाहू कोन हाय मी?" असं मोठ्यानं, लहान पोराला विचारावं तसं. आईचा चेहरा मग आक्रसायचा. त्या दुपारी पहिल्यांदा तिच्यापाशी कुणीतरी तिच्याएवढंच गप्प बसलं होतं. ती बसल्या बसल्या झोपी गेली तरी तो उठला नाही.

काकू बेसनाच्या पाटोड्यांची भाजी घेऊन आल्या आणि मला चुलीपाशी ओढून हळूच म्हणाल्या, "अवं, हा तं तोंडातून शब्द काढत नाही. बिमार हाये का?"

"नाही काकू, त्यांच्याकडे असंच असते."

"साऱ्यायचंच?"

"बहुतेकांचं."

"मंग त्या देशात भांडनं कशी होत असतीन?" काकूंना खरोखर काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईपाशी काकूंना बसवून मी त्याला जामसांवलीला नेलं. तिथला मारुती निजलेला आहे, आडवा. दर्शनाच्या रांगेतून पुढे सरकत तो मूर्तीपाशी आला, बघत उभा राहिला. मागच्या लोकांनी "चलो, चलो" केलं तेव्हा बाहेर आला.

"झोपलेत का?" त्यानं विचारलं.

"आराम करतात असं म्हणतात."

"चांगलं आहे. कुणी उठवत नाही त्यांना?"

"नाही. लोक येतात, मागायचं ते मागतात आणि जातात."

बाहेर एका टपरीवर चहा घेताना त्यानं सांगितलं. शेजारच्या एका मोठ्या देशातल्या कंपनीनं आमची कंपनी विकत घेतली होती. बटण राहणार होतं, पण ठिपके आता माणसानं बघायची गरज नव्हती, ते त्यांचा प्रोग्राम बघणार होता. माझं काम संपत होतं. त्याला मोठी जागा देऊ केली होती, त्यानं नको म्हटलं.

"हे फोनवर सांगायचं नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणून इतक्या लांब आलात?"

"ऊन पण पाहिजे होतं."

मला रडू वगैरे आलं नाही. बातमी पोचली तेव्हा मी आधीच इतकी दमलेली होते की ती आत कुठे लागलीच नाही. मी विचारलं, त्यांचा प्रोग्राम चांगला आहे का? तो म्हणाला, माझ्यापेक्षा चांगला आहे. मग थोड्या वेळानं, ग्लास हातात फिरवत, त्यानं स्वतःहून एक गोष्ट सांगितली. इतकं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

ते बटण त्यानं त्याच्या आईसाठी बनवलं होतं. ती गावाकडे एकटी राहायची. पहिलं बटण तिच्या गळ्यात त्यानं स्वतः घातलं. तिला ते आवडलं नाही, पण ती त्याला नाही म्हणाली नाही. तो राजधानीत बसून ठिपका बघायचा. सकाळी उठल्या उठल्या हिरवा, दिवसभर हिरवा. त्याला बरं वाटायचं, आई या वयात किती हिंडती-फिरती आहे. जाणं मग कमी झालं, फोन कमी झाले. ठिपका हिरवा आहे ना, मग कशाला. तेव्हा किटलीचा प्लग नव्हता.

"तिनं ते बटण कोंबड्यांच्या खुराड्यात टांगलं होतं," तो म्हणाला. "कोंबड्यांचा धक्का लागला की ते हलायचं."

मी माझा ग्लास बाकावर ठेवला.

"ती गेली तेव्हाही ठिपका हिरवाच होता. पत्र टाकायला आलेल्या बाईनं मला फोन केला. मी तिला म्हटलं, तुमची चूक होतेय, माझ्यासमोर दिसतंय मला, ती ठीक आहे." त्यानं चहाचा शेवटचा घोट घेतला. "त्यानंतर किटलीला प्लग लावला."

परतताना रस्त्याला सौंसरकडून येणारे संत्र्यांचे ट्रक लागत होते. तो खिडकीतून बघत होता. गाडीत बसायच्या आधी त्यानं घरी येऊन आईचा निरोप घेतला. म्हणजे पुन्हा थोडा वेळ खुर्चीवर बसला, आणि उठला. काकूंनी त्याला वाटेसाठी संत्र्यांची एवढी मोठी पिशवी दिली की ती उचलताना तो पहिल्यांदा हसला.

शेवटच्या दिवशी मी नेहमीसारखी कामाला बसले. दुपारपासून ठिपके एकेक करून स्क्रीनवरून जायला लागले, ते नव्या कंपनीच्या यंत्रणेत हलवत होते. हिरवेही जात होते, राखाडीही. बेटावरच्या आजीचा ठिपका मी बघत होते. तो गेला नाही, एकाएकी लाल झाला. लाल म्हणजे बटणच बंद केलेलं. मदतकेंद्रातल्या मुलीनं सांगितलं, नव्या कंपनीचा माणूस बटण बदलायला गेला तर आजीनं नवं घेतलं नाही आणि जुनंही काढून त्याच्या हातात दिलं. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. विचारायला आता तिकडे माझं कुणी नाही. वरिष्ठ दोन-तीन महिन्यांनी कधीतरी एक ओळ पाठवतो, बर्फ आहे, किंवा बर्फ नाही. मी लिहिते, ऊन आहे.

आता मी सौंसरला एका कॉलेजात संगणक शिकवते. परवा रामाकोन्याहून येणारी एक मुलगी वर्ग सुटल्यावर माझ्यापाशी थांबली. "मॅडम, बाहेरच्या देशातल्या कंपनीत घरी बसून नोकरी लागते म्हनतात. खरं आहे का?"

"लागते."

"मले घर सोडता येत नाही. बाबायची तब्येत बरी नाही राहत. घरीच काम भेटलं तं दोन्ही होईन ना?"

तिच्या चेहऱ्यावर केवढी आशा होती. दोन्ही होतं, हे खोटं नाही. मी तिला सांगितलं की होतं, पण रात्री पाठ दुखते, आणि कुणीतरी एक जण दुपारी तासभर तरी सोडवायला येईल असं आधी बघ. कोणता कोर्स करायचा, अर्ज कुठे करायचा, तेही सांगितलं. ती मान हलवत होती. पहिलं तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही. त्या वयात मीही ऐकलं नसतं.

आईला सांभाळणारी मावशी पाचला घरी जाते. मुलीशी बोलण्यात माझी नेहमीची बस गेली होती. पुढची उभ्यानं मिळाली. पांढुर्ण्यापर्यंत मी दांड्याला धरून उभी होते, आणि मधे कधीतरी तशीच डोळे मिटून झोपलेही असेन, कारण कंडक्टरनं हाक मारली तेव्हा गाव आलेलं होतं.